किडी इल्ल

मांजरीच्या घाटावर मोटर फळीला आवळलीय,
पंखा खाली अर्ध्या ड्रमात बुडवलेला.
ड्रम गुऱ्हाळातला, अजून गोडसर वास धरून आहे.
रायाप्पा अंबी तीन दिवस दोरी ओढतोय.
तळहाताला फोड,
तोंडात दोन्ही भाषांत चालतील अशा शिव्या.
"पेट्रोल येतंय की, वास बघ."
येतोय. प्लग काढला तर ओला.
लाकडं चुलीत आहेत, काडी नाही.

त्याचा नातू शिवलिंग, कानडी शाळेत आठवीला.
प्लग मी हेडला टेकवतो, वर पंजाची सावली धरतो,
म्हणतो, ओढ.
ओढतो, वाकून बघतो: "किडी इल्ल."
माझ्या कानाला आधी किडेच ऐकू येतात,
मग कळतं, ठिणगीला म्हणतोय.
आणि फ्लायव्हील उचललं तर खरंच,
आत कुंभारीण माशीनं बांधलेली मातीची तीन घरं,
एकात वाळलेली हिरवी अळी.
पोरगं हसून लोळायचं बाकी.

माती खरडली. पॉइंट काळे.
निपाणीत दस्तगीरमामानं शिकवलं तसं
नख फिरवून बघितलं: खरखर.
आधी पॉलिश पेपर, मग कोरा कागद.
फुंकर नाही. फुंकरीत थुंकी असते,
ह्या एका गोष्टीवर मामानं मला दोनदा पाना फेकून मारलाय.
गेज हरवून वर्षं झाली.
खिशात लग्नाची पत्रिका आहे,
एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड,
जाडी बरोबर.
तिचा कोपरा दोन पॉइंटांत सरकवतो:
जरा अडला पाहिजे, जरा निसटला पाहिजे.
कायमचे चिकटले तरी ठिणगी नाही,
लांब ऱ्हायले तरी नाही.
"भाऊभाऊ हैत म्हण की," रायाप्पा म्हणतो.
मी स्क्रू आवळतो.

कंडेन्सर एका मेलेल्या स्कूटरचा घातला.
कॉइलची तार मीटरला लावली, काटा हलतो.
प्लगची टोपी बदलली.
ओढ.
किडी इल्ल.
ओढ.
पुलावरून बावन सौंदत्तीकडं उसाचे ट्रॅक्टर गेले,
मागून त्यांची गाणी गेली.
चहा आला, त्यावर साय धरली.

सगळं नीट असलं, मामा म्हणायचा,
तर यंत्राला विचार, तुला नको कोण म्हणतंय?

तांबडं बटण. बंद करायचं.
त्याची वायर कव्हराखालून वळसा घेऊन जाते,
आणि वळशावर, उन्हानं की उंदरानं कोण जाणे,
साल गेलेलं.
उघडं तांब मोटरच्या अंगाला टेकून बसलंय.
बटणावर कुणाचंच बोट नव्हतं
आणि तिला आत सारखं ऐकू येत होतं,
बंद. बंद. बंद.

"शेवटी दाबलेलं कुणी?"
रायाप्पा नदीकडं बघतो.
"पुरात. अकरा माणसं उतरवली पायरीवर.
सत्याप्पानं दाबलं."
सत्याप्पा आता हारूगेरीला असतो.
वाटणीत नाव ह्याला आली,
बैलजोडी त्याला.
एवढंच सांगतो, पुढं बिडी पेटवतो,
पेट्रोलपासून चार पावलं लांब जाऊन.

वायर दातानं तोडली, टोकाला टेप.
सांज झालेली, आता हाताची सावली नको.
ओढ.
निळी, बारीक, आवाजासकट.
"बंतु!" शिवलिंग ओरडतो, "बंतु, बंतु!"
मला अर्थ सांगावा लागत नाही.

तिसऱ्या ओढीला धूर,
मग खोकला, मग पाणी उसळलं,
घाटभर गुळाचा वास उठला,
दोन कुत्री पळाली.
रायाप्पा कानाशी येऊन ओरडतो:
"आता बंद कशी करायची?"
मी चोकची खुंटी दाखवतो. ओढून धरायची.
तो मान हलवतो. हात मात्र पाठीमागंच.
ड्रममधलं पाणी उडून कमी होतंय,
शिवलिंग नदीतनं घागर आणून ओततो,
पुन्हा जातो, पुन्हा आणतो,
अंधार पडला तरी
चोकला कुणी हात लावत नाही.